नँड फ्लॅशवर यूबीआय आणि यूबीआयएफएसची मांडणी : पार्टिशन किती, राखीव ब्लॉक किती आणि इमेज लिहायची कशी?

रातकिडा (धागाकर्ता)

नमस्कार. एका नियंत्रक बोर्डासाठी लिनक्सची प्रणाली बांधण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. बोर्डावर २५६ एमबीची एसएलसी (दर पेशीत एकच बिट साठवणारी) नँड थेट प्रोसेसरमधल्या नँड कंट्रोलरला जोडलेली आहे. ईएमएमसीमध्ये असतो तसा ब्लॉकची सगळी उस्तवार स्वतःच करणारा थर इथे नाही. पेज (लिहिण्याचे एकक) २०४८ बाइटचे, त्याला ६४ बाइटचा ओओबी (पेजसोबतची जादा जागा), ब्लॉक (पुसण्याचे एकक) १२८ केबीचा, म्हणजे चिपवर एकूण २०४८ ब्लॉक. ईसीसीचे, म्हणजे चुकलेले बिट दुरुस्त करणाऱ्या संकेताचे, गणित कंट्रोलरचे हार्डवेअरच करते : बीसीएच पद्धत, दर ५१२ बाइटमागे ८ बिटांपर्यंत दुरुस्ती.

आधीच्या आवृत्तीत सगळीकडे जेएफएफएस२ ही फ्लॅशसाठीची जुनी फाइल सिस्टिम होती. ती माउंट होताना पूर्ण पार्टिशन चाळते आणि पार्टिशन मोठे असले की मेमरीही बरीच खाते, म्हणून नव्या आवृत्तीत यूबीआय (झीज आणि खराब ब्लॉक सांभाळणारा थर) आणि त्यावर यूबीआयएफएस ही फाइल सिस्टिम घ्यायचे ठरले. पार्टिशनची जुनी विभागणी मात्र मी तशीच ठेवली : सुरुवातीला बूटलोडर, मग कर्नल, मग रूट, मग सेटिंग्जसाठी ४ एमबीचे ‘कॉन्फिग’ आणि उरलेले सर्व ‘डेटा’. रूट, कॉन्फिग आणि डेटा या प्रत्येक पार्टिशनवर स्वतंत्र यूबीआय आहे.

आता ‘कॉन्फिग’ यूबीआयला जोडताना कर्नल म्हणतो की खराब ब्लॉकसाठी पुरेशी राखीव जागा मिळत नाही, २८ राखले, ४० हवेत; त्यानंतर त्यावर लहानात लहान व्हॉल्यूमही (यूबीआयच्या आतला विभाग) तयार होत नाही. रूटची गोष्ट याहून विचित्र आहे. बूटलोडरमधून इमेज लिहिली की पहिल्यांदा प्रणाली व्यवस्थित सुरू होते, दिवसभर चालते, आणि काही वेळा रीस्टार्ट झाल्यावर अचानक दुरुस्त न होणाऱ्या ईसीसी त्रुटी येऊ लागतात व यूबीआयएफएस स्वतःला फक्त-वाचन स्थितीत नेते. एकाच बोर्डावर झाले असते तर चिपला दोष दिला असता, पण हे सर्व बोर्डांवर सारखेच होते. कुठून सुरुवात करावी?

कोरापान

आधी ‘कॉन्फिग’चे पाहू, कारण त्याचे उत्तर निव्वळ अंकगणितात आहे. खराब ब्लॉकसाठी किती ब्लॉक राखायचे हे यूबीआय पार्टिशनच्या आकारावरून ठरवत नाही, संपूर्ण चिपच्या आकारावरून ठरवते. कर्नलमधली मूळ मर्यादा दर १०२४ ब्लॉकमागे २० अशी आहे. आपली चिप २०४८ ब्लॉकची, म्हणून ४०. कारण असे की चिपचा उत्पादक खराब ब्लॉकची कमाल संख्या पूर्ण चिपसाठी सांगतो, आणि ते सगळे एकाच पार्टिशनमध्ये निघणार नाहीत अशी हमी कुणीही देत नाही.

४ एमबी म्हणजे ३२ ब्लॉक. त्यांतले दोन व्हॉल्यूमच्या तक्त्याला, एक पुसण्याची झीज सगळ्या ब्लॉकवर वाटण्याच्या कामाला आणि एक, ब्लॉकचा मजकूर अर्धवट न राहता एकदम बदलता यावा म्हणून, बाजूला जातो. राहिले २८. यूबीआयने ते सगळेच्या सगळे राखीव म्हणून घेतले तरी बारा कमीच पडतात आणि व्हॉल्यूमला शून्य उरतात. कर्नलच्या संदेशात दिसलेले २८ आणि ४० ते हेच.

ही मर्यादा कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये कमी करता येते आणि तसा सल्ला जागोजागी वाचायला मिळतो. माझे मत स्पष्टपणे विरुद्ध आहे. पार्टिशन कमी करावीत, राखीव ब्लॉक नव्हेत. बूटलोडरचा भाग सोडून उरलेल्या संपूर्ण चिपवर एकच यूबीआय ठेवावे आणि रूट, कॉन्फिग, डेटा यांचे त्यात व्हॉल्यूम करावेत. तीन पार्टिशन केली की ४० ब्लॉकचा राखीव साठा, म्हणजे ५ एमबी, तीनदा बाजूला काढावा लागतो. शिवाय एका पार्टिशनचा साठा संपला तर शेजारच्याचा भरलेला साठा त्याच्या काहीही उपयोगाचा नसतो.

सुरुवातीचे १६ एमबी बूटलोडर आणि त्याच्या प्रतींसाठी सोडले तर १९२० ब्लॉक उरतात. त्यांतून ४० आणि ४ वजा केले की १८७६. प्रत्येक ब्लॉकमधून यूबीआयचे दोन हेडर दोन पेज घेत असतील तर वापरण्याजोगे १२६९७६ बाइट मिळतात, म्हणजे एकूण सुमारे २२७ एमबी. कारखान्यातूनच खराब आलेले ब्लॉक या ४० मध्येच धरलेले असतात, त्यामुळे चाळीसपेक्षा कमी खराब असतील तोवर हा आकडा प्रत्येक बोर्डावर सारखाच येतो. इमेजचे आकार ठरवताना ही फार सोयीची गोष्ट आहे.

टाचणी

कोरापान यांच्याशी सहमत. रूटच्या त्रुटींविषयी एक विचारतो : बूटलोडरमधून लिहिताना नेमकी कोणती आज्ञा वापरता? साधी ‘नँड राइट’ असेल तर माझा संशय तिच्यावर आहे.

यूबीआयएफएसच्या इमेजमध्ये ब्लॉकच्या शेवटी बरीच पेज रिकामी असतात, म्हणजे त्यांत सगळे बाइट एफएफ (सगळे बिट १) असतात. पुसलेले पेजही एफएफच दिसते, म्हणून ही पेज लिहिली काय आणि न लिहिली काय, फरक पडू नये असे वाटते. पण साधी आज्ञा तीही पेज कंट्रोलरकडे लिहायला पाठवते, कंट्रोलर त्यांचा ईसीसी काढतो आणि ओओबीमध्ये लिहून टाकतो. अनेक हार्डवेअर कंट्रोलरमध्ये सगळ्या एफएफ बाइटांचा ईसीसी एफएफ येत नाही. आता यूबीआयएफएस माउंट होते, त्याला ते पेज रिकामे दिसते, आणि पुढे कधीतरी ते तिथे खरा मजकूर लिहिते. नँडमध्ये लिहिताना बिट फक्त १ वरून ० कडे जाऊ शकतो, उलट न्यायला पूर्ण ब्लॉक पुसावा लागतो. परिणामी ओओबीमध्ये जुन्या आणि नव्या ईसीसीची सरमिसळ होते. मजकूर बरोबर असतो, ईसीसी चुकीचा असतो, आणि पुढच्या वाचनाला कंट्रोलर हात वर करतो. पहिल्या सुरुवातीला काहीच बिघडलेले दिसत नाही याचे कारण हेच, की तोवर त्या पेजवर दुसऱ्यांदा कुणी लिहिलेलेच नसते.

पडताळणी सोपी आहे. बोर्ड नेटवर्कवरून किंवा रॅममधल्या रूटवरून सुरू करा म्हणजे नँडला हात लागणार नाही, इमेज त्याच पद्धतीने लिहा आणि काहीही माउंट करण्यापूर्वी ‘नँडडम्प’ने ओओबीसह एखाद्या ब्लॉकची शेवटची पेज पाहा.

रातकिडा

आज्ञा साधी ‘नँड राइट’च आहे. सांगितल्याप्रमाणे पाहिले. रूटमधल्या एका ब्लॉकच्या शेवटच्या पेजमध्ये २०४८ च्या २०४८ बाइट एफएफ आहेत, पण ओओबीमध्ये पहिले दोन बाइट एफएफ, मग बावन्न बाइट भरलेले आणि शेवटचे दहा पुन्हा एफएफ. शिवाय त्या बावन्न बाइटांमध्ये तेरा-तेरा बाइटांचा एकच नमुना चार वेळा आलेला आहे.

टाचणी

मग शंकेला जागा नाही. ५१२ बाइटच्या तुकड्याला ८ बिटांचा बीसीएच लावला की १०४ बिट, म्हणजे १३ बाइट लागतात. पेजमध्ये असे चार तुकडे, म्हणून ५२. पहिले दोन बाइट खराब ब्लॉकच्या खुणेसाठी सोडलेले. चारही तुकड्यांत सारखाच मजकूर, अर्थात एफएफ, असल्यामुळे नमुनाही चारदा तोच.

बूटलोडर यूबूट असेल तर ‘नँड राइट’ला ‘ट्रिमएफएफएस’ हे शेपूट जोडा. मग ब्लॉकच्या शेवटची एफएफ पेज लिहिलीच जात नाहीत. लिनक्समधून लिहायचे असेल तर ‘नँडराइट’ऐवजी ‘यूबीआयफॉरमॅट’ वापरा. ते ही काळजी मुळातच घेते, शिवाय प्रत्येक ब्लॉक आजवर किती वेळा पुसला गेला ही नोंद वाचून ती नव्या हेडरमध्ये जपते. ‘फ्लॅश_इरेज’ने सरसकट पुसले तर ती नोंद नष्ट होते आणि झीज वाटण्याचे यूबीआयचे गणित शून्यापासून सुरू होते. कारखान्यातल्या प्रोग्रॅमरवर आपला ताबा नसेल तर इमेज बनवणाऱ्या ‘एमकेएफएस.यूबीआयएफएस’ला रिकाम्या जागेच्या दुरुस्तीचा पर्याय, म्हणजे मोठा एफ, द्या. मग पहिल्या माउंटच्या वेळी यूबीआयएफएस अशी मोकळी जागा असलेले ब्लॉक स्वतःच नव्याने लिहून घेते. पहिले माउंट त्यामुळे लांबते, एवढाच त्याचा तोटा.

सॉफ्टवेअरमधल्या बीसीएचवर हा प्रश्न सहसा येत नाही, कारण एफएफचा ईसीसी एफएफच यावा अशी सोय लिनक्सने त्यात मुद्दाम केलेली आहे. म्हणूनच एका बोर्डावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली पद्धत दुसऱ्या बोर्डावर कोसळते.

अर्धविराम

वरचे निदान मान्य करूनही एक शंका मांडतो. बूटलोडर आणि कर्नल यांच्या ईसीसीच्या मांडणीत फरक असला तरीही अशाच त्रुटी येतात. ती शक्यता आधी निकालात काढायला नको का?

टाचणी

तसे असते तर प्रणाली पहिल्यांदाही सुरू झाली नसती. बूटलोडरने ४ बिटांच्या ईसीसीने लिहिलेले पेज ८ बिटांची अपेक्षा ठेवणाऱ्या कर्नलला पहिल्या वाचनातच दुरुस्त न होण्याजोगे वाटते. त्यासाठी दिवसभर वाट पाहावी लागत नाही. इथे आधी वाचता येत होते आणि नंतर येईनासे झाले, हाच भेद निर्णायक आहे.

तरीही आपला मुद्दा दुसऱ्या ठिकाणी लागू पडतो. चिपवरून बूटलोडरचा पहिला टप्पा वाचणारा, प्रोसेसरच्या रॉममधला कोड स्वतःच्या ठरलेल्या ईसीसीनेच वाचतो आणि तो बदलता येत नाही. चालू प्रणालीतून बूटलोडर अद्ययावत करणार असाल तर तो भाग रॉमला समजेल त्याच मांडणीत लिहिला जातो की नाही, हे आधी तपासा.

कोरापान

इमेज बांधण्याकडे वळतो, कारण रातकिडा यांची तिसरी अडचण बहुधा तिथे दबा धरून बसली असेल. यूबीआयची इमेज जुळवणाऱ्या ‘यूबीआयनाइझ’ला सबपेजचा आकार काय दिला आहे? काही नँडमध्ये पेजचा चौथा भाग, म्हणजे ५१२ बाइट, वेगळा लिहिता येतो. तसे असेल तर यूबीआय दोन्ही हेडर पहिल्याच पेजमध्ये बसवते : दुसरे हेडर ५१२ व्या बाइटवर, मजकूर २०४८ पासून, आणि ब्लॉकमध्ये १२९०२४ बाइट मोकळे. सबपेज नसेल तर दुसरे हेडर २०४८ वर, मजकूर ४०९६ पासून आणि मोकळे १२६९७६. सबपेज चालते की नाही हे केवळ चिपवर अवलंबून नसते; कंट्रोलर आणि त्याचा ड्रायव्हर यांनीही ते मान्य करावे लागते, आणि पूर्ण पेजचा ईसीसी एका दमात काढणारे पुष्कळ हार्डवेअर ते मान्य करत नाही. इमेज एका हिशेबाने आणि कर्नल दुसऱ्या हिशेबाने चालला तर जोडणीच होत नाही. दुसरे हेडर ५१२ वर आहे, अपेक्षा २०४८ ची होती, अशा अर्थाची स्पष्ट तक्रार कर्नल करतो.

डेटाशीट वाचून अंदाज करू नये. चालू बोर्डावर ‘एमटीडीइन्फो’ला लहान यू हा पर्याय देऊन पार्टिशनचे नाव द्यावे. ते किमान लेखन-एकक, सबपेज, दुसऱ्या हेडरचे अंतर आणि मोकळ्या जागेचा आकार असे चारही आकडे छापते. तेच आकडे जसेच्या तसे बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये उतरवावेत.

रातकिडा

स्क्रिप्ट दुसऱ्या बोर्डावरून आलेली होती आणि तिच्यात ५१२ च होते; ती तक्रार दिसल्यावर मी २०४८ केले होते. ‘एमटीडीइन्फो’ही २०४८ आणि १२६९७६ असेच सांगते आहे.

आता एकच यूबीआय ठेवायचे तर रूटच्या दोन प्रती हव्या आहेत, म्हणजे अद्ययावत करताना वीज गेली तरी जुनी प्रत शिल्लक राहील. प्रत्येकी ६० एमबी पुरेल. परंतु डेटा आणि रूट एकाच यूबीआयमध्ये आले की डेटाच्या सततच्या लेखनाची झीज रूटच्या ब्लॉकवरही येणार. वेगळी पार्टिशन ठेवण्यामागे माझा मूळ हेतू तोच होता.

कोरापान

झीज रूटच्या ब्लॉकवर यायलाच हवी. समजा आपला प्रोग्रॅम मिनिटाला एक ब्लॉक भरेल इतके लिहितो, म्हणजे दिवसाला १४४० ब्लॉक पुसले जातात. हे सगळे ३२ ब्लॉकच्या पार्टिशनवर पडले तर प्रत्येक ब्लॉक रोज ४५ वेळा पुसला जाईल. डेटाशीटने एक लाख वेळा पुसण्याची ग्वाही दिलेली असेल तर ती मर्यादा साधारण सहा वर्षांत येईल. तेच १८७६ ब्लॉकवर पसरले तर दर ब्लॉकला दिवसाला एकदाही पुसावे लागत नाही आणि हिशेब तीनशे वर्षांच्या पुढे जातो. रूटचा मजकूर बदलत नाही, म्हणून त्याचे ब्लॉक जवळपास न झिजलेलेच राहतात. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी पुसलेल्या ब्लॉकमधला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की यूबीआय तो स्थिर मजकूर झिजलेल्या ब्लॉकवर हलवते आणि न झिजलेला ब्लॉक वापरात आणते. मूळ मर्यादा ४०९६ आहे आणि एसएलसीसाठी ती ठीक आहे.

६० एमबीचा व्हॉल्यूम ४९६ ब्लॉक घेईल. दोन प्रतींचे ९९२ झाले, राहिले ८८४, म्हणजे १०७ एमबी. त्यातून कॉन्फिग काढा आणि डेटाच्या व्हॉल्यूमला आपोआप वाढण्याची खूण द्या, म्हणजे पहिल्या जोडणीच्या वेळी तो उरलेली जागा घेईल. कॉन्फिग आणि डेटा यांच्यासाठी इमेज बनवण्याची गरज नाही. रिकामा व्हॉल्यूम माउंट केला की यूबीआयएफएस त्यावर फाइल सिस्टिम स्वतः मांडते. रूटच्या इमेजला मात्र कमाल ब्लॉकसंख्या विचारपूर्वक द्या. ती व्हॉल्यूमपेक्षा लहान दिली तर उरलेला व्हॉल्यूम वाया जातो, आणि उगाच हजारोंमध्ये दिली तर अंतर्गत तक्त्यांचा पसारा वाढतो.

नवी प्रत लिहायला ‘यूबीआयअपडेटव्हॉल’ वापरा. ते मध्येच तुटले तर तो व्हॉल्यूम अपूर्ण म्हणून नोंदलेला राहतो, पूर्ण लिहिल्याशिवाय वापरता येत नाही. नंतर ‘यूबीआयरिनेम’ने दोन्ही व्हॉल्यूमच्या नावांची अदलाबदल करावी, ती एकाच अखंड पावलात होते.

अर्धविराम

रूटमध्ये लिहायचेच नसेल तर यूबीआयएफएस हवी कशाला? यूबीआयच्या व्हॉल्यूमवर ‘यूबीआयब्लॉक’ (व्हॉल्यूमला डिस्कसारखे दाखवणारा थर) आणि त्यावर स्क्वॅशएफएस ही दाबून साठवलेली, फक्त वाचायची फाइल सिस्टिम ठेवली तर जागा पुष्कळ वाचते आणि रूटला चुकून हात लागण्याचा प्रश्नही मिटतो. कर्नलमध्ये ही सोय ३.१५ पासून आहे. तसेच, जोडणी लवकर व्हावी म्हणून फास्टमॅप (सगळे ब्लॉक चाळावे लागू नयेत म्हणून चिपवरच साठवलेला नोंदींचा तक्ता) चालू करावा असे मी सुचवीन.

टाचणी

स्क्वॅशएफएसला माझा पूर्ण पाठिंबा. तोच विचार करून कुणी थेट ‘एमटीडीब्लॉक’वर (कच्च्या फ्लॅशला डिस्कसारखे दाखवणारा साधा थर) एक्स्ट४ किंवा स्क्वॅशएफएस मांडत असेल तर त्याला मात्र थांबवा, त्या थराला खराब ब्लॉक ओळखता येत नाहीत आणि झीज वाटणे तर त्याच्या गावीही नाही.

फास्टमॅपबद्दल मात्र सहमत नाही. इथे १९२० ब्लॉक आहेत, प्रत्येकाची दोन हेडर वाचायची म्हणजे ३८४० पेज. एवढ्या लहान चिपवर तो वेळ वाचवण्यासाठी नोंदींचा आणखी एक गुंतागुंतीचा थर पत्करण्यात मला अर्थ दिसत नाही. काही जीबींची नँड असती तर गोष्ट वेगळी. शंका असेल तर आधी कर्नलच्या नोंदींमधल्या वेळा पाहून जोडणीला किती वेळ लागतो ते मोजा.

अर्धविराम

मोजमापाचा मुद्दा मान्य. तरीही सुरुवात एका ठरावीक वेळेत व्हावी अशी अट असेल तर मी फास्टमॅपचा पर्याय खुला ठेवीन.

रातकिडा

तशी अट नाही, त्यामुळे तूर्त फास्टमॅप नाही. रूटसाठी स्क्वॅशएफएस घेतो. मग ६० एमबीही लागणार नाहीत, पण पुढच्या आवृत्त्यांसाठी तेवढी जागा ठेवतो. वर्षानुवर्षे फक्त वाचल्या जाणाऱ्या रूटमध्ये बिट आपोआप उलटण्याची भीती कितपत धरावी?

टाचणी

धरावी, कारण वाचनानेही त्याच ब्लॉकमधल्या इतर पेजवर हळूहळू परिणाम होतो आणि साठवलेला भार काळानुसार गळतोच. त्यासाठी यूबीआयमध्ये सोय आहे. वाचताना दुरुस्त झालेल्या बिटांची संख्या एका उंबरठ्यापर्यंत पोहोचली की ते तो ब्लॉक दुसरीकडे हलवते. उंबरठा ईसीसीच्या ताकदीच्या तीन-चतुर्थांश असतो. आपल्याकडे ८ पैकी ६. अडचण एवढीच की ज्याचे वाचनच होत नाही त्याची तपासणीही होत नाही. क्वचित लागणारी दुसरी प्रत वर्षभर पडून राहिली तर तिची अवस्था कुणालाच कळणार नाही. म्हणून रात्रीच्या एखाद्या निवांत वेळी दोन्ही रूट व्हॉल्यूम ‘डीडी’ने सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून मजकूर ‘नल’मध्ये टाकावा. हलवण्याचे काम यूबीआय पाहून घेईल.

कोरापान

कॉन्फिगच्या व्हॉल्यूमबद्दल एक राहिले. वीज अचानक गेली तरी यूबीआयएफएसची स्वतःची रचना शाबूत राहते, परंतु आपल्या प्रोग्रॅमने लिहिलेला मजकूर तोवर मेमरीतच असू शकतो. सेटिंग्जची फाइल जागच्या जागी उघडून लिहू नये. त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल लिहावी, तिच्यावर ‘एफसिंक’ करावे, म्हणजे मजकूर मेमरीतून चिपवर उतरवायला लावावा, आणि मगच तिचे नाव मूळ नावावर बदलावे. मधला ‘एफसिंक’ गाळला तर वीज परतल्यावर फाइलचे नाव बरोबर आणि लांबी शून्य, असे दृश्य हमखास दिसते, आणि दोष फाइल सिस्टिमच्या माथी मारला जातो. सर्व व्हॉल्यूम ‘सिंक’ पर्यायाने माउंट करून हा प्रश्न सुटतो असे काही जण सांगतात; त्याने वेग तर जातोच, पण प्रत्येक बारीकसारीक लेखनाला आख्खे पेज खर्ची पडते, आणि अर्धवट लिहिलेली फाइल तरीही अर्धवटच राहते.

रातकिडा

‘ट्रिमएफएफएस’ने लिहिलेल्या बोर्डांचे ओओबी तपासले, ब्लॉकच्या शेवटची पेज आता ओओबीसह पूर्ण कोरी आहेत. एकच यूबीआय जोडले, राखीव ब्लॉकची तक्रार गेली आणि डेटाचा व्हॉल्यूम आपोआप वाढला. सेटिंग्ज लिहिणाऱ्या कोडमध्ये नाव बदलण्यापूर्वी ‘एफसिंक’ नव्हताच. तो घालून, लेखन चालू असताना वीज तोडण्याची चाचणी आजपासून रात्रभर लावतो आहे.